कॉफीचा चोथा

त्या ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत. साठ-पासष्ट माणसांची ती मावशी होती, आणि त्यातल्या कुणालाही तिचं खरं नाव विचारावंसं वाटलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या पाठीमागे एक चिंचोळी पँट्री होती. एक बेसिन, एक फ्रीज, दूध तापवायची शेगडी आणि कॉफीचं भलंमोठं मशीन, एवढाच तिचा संसार. सकाळी साडेसातला मशीन चालू करायचं, वर दाणे भरायचे, आणि दिवसातून तीनदा खालचा ट्रे ओढून त्यातला काळा ओला चोथा कचऱ्याच्या पिशवीत उपडा करायचा. बाकी वेळ कप. कप विसळायचे, भरायचे, पोचवायचे, गोळा करायचे, पुन्हा विसळायचे. साबणाच्या पाण्याने तिच्या हातांची पार वाट लागली होती. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या आणि लिंबू कापताना डोळ्यांतून पाणी यायचं.

घरी तिला आई म्हणणारी दोन माणसं होती, एक मुलगा आणि एक सून. आणि ही सून त्याच ऑफिसात, त्याच तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर बसत असे.

ती नोकरी तिला मावशीमुळेच लागली होती. मीटिंगमध्ये चहा देताना मावशीच्या कानावर आलं, की खरेदी विभागात एक जागा रिकामी होतेय. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी तिने सुनेला सांगितलं. सून हुशार होती, बोलायला चटपटीत होती. मुलाखतीत पास झाली. पहिल्या दिवशी निघताना तिने सासूचा हात धरला आणि म्हणाली, "आई, एक सांगू? रागावू नका. तिथे आपलं नातं कुणाला कळायला नको. ओळखीने लागली म्हणतील, माझ्या कामाला किंमतच देणार नाहीत."

"अगं, त्यात रागवायचं काय?" मावशी म्हणाली. "मी कशाला सांगत बसू?"

तिला ते पटलंही होतं. चहावालीच्या ओळखीने लागलेली, असा शिक्का पोरीवर बसायला नको. म्हणून मावशी सकाळची पहिली बस पकडायची आणि सून दोन तासांनी नवऱ्याच्या स्कूटरवरून यायची. ऑफिसात मावशी तिच्या टेबलावर कप ठेवून म्हणायची, "मॅडम, चहा." सून म्हणायची, "थँक्यू, मावशी." सुरुवातीला दोघींनाही हसू आवरत नसे. एकदा तर सून घरी, ताटावर बसल्यावर सवयीने बोलून गेली, "मावशी, जरा पाणी देता?" आणि तिघंही ठसका लागेपर्यंत हसली. त्या दिवसांत ते हसण्यासारखंच होतं.

सून वाईट नव्हती, हे सांगायला हवं. मावशीची कंबर धरली की ती गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची. स्वतःच्या पहिल्या पगारातून तिने सासूला मऊ तळव्याच्या चपला आणल्या होत्या. पण तीही पाच जणांच्या एका खोलीत वाढलेली होती. पुन्हा त्या खोलीत ढकललं जाईल, ही धास्ती तिच्या मानगुटीवर कायम बसलेली असायची. कुणी नुसतं वळून पाहिलं तरी ती ओढणी सारखी करायची.

चोथ्याचं सुचलं ते मावशीलाच. एकदा ट्रे उपडा करताना हाताला थोडा चोथा चिकटला. तो चोळून धुतला, तर बोटांवरची मेलेली कातडी सुटून आली. मावशीने विचार केला, नाहीतरी हे कचऱ्यातच जाणार. तिने डबाभर चोथा घरी नेला. पहिला घाणा चुकला. ओलाच ठेवला म्हणून तिसऱ्या दिवशी त्यावर पांढरी बुरशी धरली. मग तिने तो बाल्कनीत, जुन्या ताटात पातळ पसरून दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवला, पिठाच्या चाळणीने चाळला आणि जाड दाणे काढून टाकले. साखर मिक्सरमधून एकदाच फिरवून घेतली. फार फिरवली की पीठ होतं आणि मग ती घासत नाही. दोन वाट्या चोथ्याला एक वाटी साखर, आणि मुठीत दाबलं की गोळा व्हावा पण बोटांतून गळू नये इतकंच खोबरेल. वर चमचाभर मध. ओल्या हातांना हलकेच चोळायचं, कोमट पाण्याने धुवायचं. पंधरा दिवसांत तिच्या हातांच्या चिरा मिटल्या.

"आई, हे हात तुमचेच का?" सून तिचे तळवे उलटसुलट करून बघत म्हणाली. "मला द्या ना थोडं. माझे कोपर बघा, नुसता खरकागद."

मावशीने एक छोटी बरणी भरून दिली. "हातापायांनाच लाव हं. तोंडाला नको. तोंडाची कातडी वेगळी, तिला एवढी साखर सोसत नाही. तोंडासाठी मी ओट्स दळून देईन."

सुनेने ती बरणी ऑफिसच्या खणात ठेवली. शेजारच्या टेबलावरच्या बाईने वास घेतला, चिमूटभर हाताला लावून पाहिलं आणि विचारलं, "कुठून आणलंस?"

आता इथे खरं सांगायचं तर पँट्रीकडे बोट दाखवावं लागलं असतं. सून म्हणाली, "मी घरी बनवते."

एवढ्याशा वाक्याने पुढचं सगळं रामायण झालं. त्या बाईला बरणी हवी होती, तिच्या मैत्रिणीला हवी होती, वरच्या मजल्यावरच्या मोठ्या मॅडमना दोन हव्या होत्या. सुनेने कुणाकडून पैसे घेतले नाहीत. पैशांपेक्षा मोठी गोष्ट तिच्या पदरात पडत होती. ज्या बायका आजवर तिच्याकडे बघतही नव्हत्या, त्या आता तिच्या टेबलाशी थांबून गप्पा मारत होत्या. मोठ्या मॅडम लिफ्टमध्ये तिला नावाने हाक मारू लागल्या.

घरी रविवारची सकाळ त्यातच जाऊ लागली. मावशी चाळायची, मळायची, बरण्या भरायची. सून बाल्कनीतली ताटं उचलून आणायची आणि झाकणांना रंगीत कापड बांधून वर चिठ्ठी चिकटवायची.

"काय गं, माझ्या नावाची एखादी चिठ्ठी लाव की," मावशी एकदा गमतीत म्हणाली.

"लावते ना. काय लिहू, 'सासूबाईंचा प्रसाद'?" सून हसली. मग जरा थांबून म्हणाली, "आई, तुम्हाला वाईट नाही ना वाटत?"

"छे गं. तुझं नाव झालं काय, माझं झालं काय. घर एकच."

तिला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. निदान तसं वाटावं अशी तिची इच्छा होती. पण दुसऱ्याच आठवड्यात, ट्रेमध्ये सात कप घेऊन ती बायकांच्या घोळक्याजवळ उभी राहिली, तेव्हा तिची सून सांगत होती, "साखर एकदाच फिरवायची. फार फिरवली की पीठ होतं." आणि सगळ्या माना डोलावत होत्या. मावशीने एकेक कप ठेवला. शब्दन् शब्द तिचा होता, आणि तो ऐकताना मान खाली घालून ती साखर ढवळत होती.

ऑफिसात मावशीशी दोन शब्द प्रेमाने बोलणारी एकच होती, रिसेप्शनवरची मुलगी. काचेच्या दाराशी दिवसभर हसऱ्या चेहऱ्याने बसणं हेच तिचं काम. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन पँट्रीत यायची आणि स्टुलावर बसून जेवायची. एक दिवस तिने मावशीचा हात धरला.

"अय्या मावशी, किती मऊ झाले हात! तुम्हीपण खरेदीवाल्या मॅडमकडूनच घेता ना ते?"

मावशीने हात सोडवून घेतला. "हो," ती म्हणाली. "त्याच देतात."

"किती चांगल्या आहेत ना त्या? पँट्रीतल्या माणसाचीही आठवण ठेवतात."

मावशीने नळ मोठा सोडला आणि कप विसळायला घेतले.

पुढे मावशी चार दिवस तापाने फणफणली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मोठ्या मॅडमनी आणखी सहा बरण्या मागितल्या. सून म्हणाली, "तुम्ही पडून राहा आई, मी करते. एव्हाना मला येतं सगळं. रिसेप्शनवरच्या मुलीलाही एक हवीय." मावशीने पडल्या पडल्या मिक्सरचा आवाज ऐकला आणि पोरगी हाताशी आली म्हणून तिला बरंच वाटलं. ती कामावर परतली त्याच्या तिसऱ्या दिवशी रिसेप्शनची खुर्ची रिकामी होती. चौथ्या दिवशी मुलगी आली ती तोंडाला रुमाल बांधून. दोन्ही गाल लालबुंद, सुजलेले, आणि डाव्या गालावर सालटं निघाल्यासारखी जखम.

अकरा वाजता मावशीला प्रशासनाच्या मॅडमनी बोलावलं. तिला वाटलं, चहा हवाय. ती ट्रे घेऊनच गेली.

आत टेबलावर झाकणाला फुलाफुलांचं कापड बांधलेली बरणी होती. एका खुर्चीत रिसेप्शनवरची मुलगी, दुसऱ्या खुर्चीत सून. सुनेचे डोळे रडून लाल झाले होते.

"मावशी, हे तुम्ही बनवता?" मॅडमनी विचारलं.

मावशीने सुनेकडे पाहिलं. सून बरणीकडे बघत होती.

"मी यांना विचारलं, तर या म्हणाल्या की पँट्रीतल्या मावशी बनवतात, मी नुसती माझ्या नावावर सगळ्यांना देते. हे खरं का?"

इतके महिने जे नाव कुणाच्या ओठावर आलं नव्हतं, ते आज आलं होतं. मावशीने ट्रे टेबलाच्या कडेला ठेवला आणि बरणी उचलून उघडली. झाकण निघताच वास नाकात गेला. दालचिनी. आणि खाली लिंबाचा आंबूस वास. तिने जन्मात कधी त्यात दालचिनी घातली नव्हती. वरच्या चिठ्ठीवर सुनेच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'चेहऱ्यासाठी'.

मावशी थांबली. बरणी हातात धरून ती थांबली. सुनेने बोलावं म्हणून. यावेळची मी केली होती, असं चार शब्दांचं वाक्य. बाकीचं तिने सांभाळून घेतलं असतं.

सुनेने ओढणी सारखी केली.

"हो, मॅडम," मावशी म्हणाली. "मीच बनवते."

"यात घालता काय तुम्ही?"

"साखर, तेल, मध. आणि कॉफीचा चोथा."

"कुठली कॉफी?"

"मशीनमधली. वापरून झालेली, मॅडम. कचऱ्यात जायची ती."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे ऑफिसच्या कचऱ्यातली वस्तू घरी नेता आणि लोकांना तोंडाला फासायला देता?"

रिसेप्शनवरच्या मुलीने गालावर हात नेला आणि घाईने खाली घेतला, जणू गालाला हात लावायचीही तिला किळस आली. सून हळूच म्हणाली, "मला माहीत नव्हतं, मॅडम. चोथा आहे हे मला खरंच माहीत नव्हतं."

बाल्कनीतली ताटं उचलून उचलून तिची नखं काळी व्हायची, ती रविवारी संध्याकाळी लिंबाच्या फोडीने घासून काढायची. मावशीला ती नखं त्या क्षणी समोर दिसत होती. आज त्यांना गुलाबी रंग होता.

"तुमची आणि यांची ओळख कशी?" मॅडमनी विचारलं.

सून म्हणाली, "इथलीच. चहा द्यायला येतात तेवढीच."

"तेवढीच," मावशी म्हणाली.

दुपारी पँट्रीच्या कंत्राटदाराचा फोन आला. उद्यापासून येऊ नका. मावशीने मशीन पुसलं, ट्रे रिकामा केला, शेवटचा चोथा कचऱ्यात टाकला आणि पिशवीला घट्ट गाठ मारली. निघताना काचेच्या दाराशी ती थांबली. "बाळ, थंड दुधाच्या पट्ट्या ठेव गालावर," ती म्हणाली. मुलीने तोंड कॉम्प्युटरकडे वळवलं.

संध्याकाळी घरात आधी मुलगा बोलला. त्याला सगळं कळलं होतं. बायकोने फोन केला होता. "आई, जाऊ दे. तुला नाहीतरी आरामाची गरज होती."

सून आतून आली आणि सासूच्या पायाशी बसली. खरंच रडत होती. "आई, माझी नोकरी गेली असती. पुढच्या महिन्यात वरच्या मजल्यावर घेणार आहेत मला. तुमचं काय, तुम्हाला असं काम कुठेही मिळेल. मला कोण देणार?"

"बरोबर आहे तिचं," मुलगा म्हणाला. "दोघींपैकी एकीचं जायचंच होतं, तर..."

त्याने वाक्य अर्धं सोडलं. मावशीने सुनेला विचारलं, "दालचिनी किती घातलीस?"

सून गडबडली. "दोन चमचे. वास छान येतो म्हणून. फोनवर बघितलं होतं."

"आणि लिंबू?"

"एका बरणीला एक."

"भाजलं असणार पोरीला," मावशी म्हणाली. "विचारायचं होतंस गं. मी आतच तर झोपले होते."

एवढंच. आदळआपट नाही, आकांडतांडव नाही. सुनेला वाटलं, वादळ बाहेरच्या बाहेर गेलं. दोन दिवसांनी ती सासूला म्हणालीसुद्धा, "तुमचं मन फार मोठं आहे, आई." मावशीला त्या वाक्याची शिसारी आली. मन मोठं नव्हतं. त्या खोलीत तिने तोंड उघडलं नाही ते मोठेपणापायी नव्हे. तोंड उघडूनही सून तिच्याकडे परक्यासारखीच बघत राहिली तर, या भीतीने ते बंद राहिलं होतं.

महिना-दीड महिना ती घरीच होती. एका दुपारी औषधाच्या दुकानात तिला रिसेप्शनवरची मुलगी भेटली. सूज उतरली होती, पण डाव्या गालावर नाण्याएवढा काळपट डाग राहिला होता. मावशी आपणहून पुढे झाली.

"कशी आहेस, बाळ?"

"बरी आहे." मुलगी जायला वळली, मग तिला राहवलं नाही. "मावशी, मी तुमच्यावर किती विश्वास ठेवायचे. माझं सोडा. पण त्या खरेदीवाल्या मॅडमना केवढं तोंडघशी पाडलंत तुम्ही! बिचाऱ्या दोन दिवस रडत होत्या."

इतके दिवस दाबून धरलेलं वाक्य मावशीच्या तोंडून निसटलं. "अगं, ती माझी सून आहे."

मुलगी बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर राग आला, आणि रागामागून कीव. "मावशी, आता असलं काहीतरी बोलू नका हो. त्यांच्या सासूबाई तर त्यांच्या लग्नाआधीच वारल्या. त्यांनीच सांगितलंय सगळ्यांना. इतक्या प्रेमाने आठवण काढतात त्यांची!"

तिने औषधाची पुडी पर्समध्ये टाकली आणि निघून गेली. दुकानदार विचारत होता, "आजी, तुम्हाला काय हवंय?" मावशीला काय हवं होतं ते आठवेना. ती तशीच बाहेर आली.

घरी तिने शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच बाहेर पडू लागली. आठवड्याभरात तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम मिळवलं. चाळीस म्हाताऱ्यांचा स्वयंपाक, आणि राहायला मागच्या बाजूला एक खोली. मुलाला तिने इतकंच सांगितलं, "रोजची दगदग नको, तिथेच राहीन."

"अगं, पण लोक काय म्हणतील?" मुलगा म्हणाला.

"कोणते लोक?"

सुनेने खूप आग्रह केला. पुन्हा पुन्हा म्हणाली, जाऊ नका. पण कपाटातून बॅग तिनेच काढून दिली, पुसूनसुद्धा दिली.

मुलगा बॅग घेऊन थांब्यापर्यंत आला. थांब्यावर दोघांशिवाय कुणी नव्हतं. बसला वेळ होता. तो रस्त्याकडे बघत उभा होता आणि ती त्याच्याकडे. लहानपणी खोटं बोलला की त्याच्या उजव्या कानाची पाळी लाल व्हायची.

"तुझ्या बायकोने ऑफिसात सांगितलंय, सासू मेली म्हणून," ती म्हणाली. "तुला माहीत होतं?"

त्याच्या कानाची पाळी लाल झाली. तेवढ्यानेच तिला कळलं. तरी ती थांबली. तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"त्यांच्या कार्यक्रमाला गेलो होतो ना, मागच्या वर्षी, हॉटेलात," शेवटी तो म्हणाला. "तिच्या साहेबांनी हात हातात घेतला. म्हणाले, तुमच्या आईंबद्दल ऐकलं, वाईट वाटलं."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार, आई? इतकी माणसं होती."

"काय म्हणालास?"

"थँक्यू म्हणालो."

बस आली. त्याने बॅग चढवायला हात पुढे केला, पण ती आधीच तिने उचलली होती. ती पुढच्या दाराने चढली, खिडकीजवळ बसली आणि कंडक्टरकडे शेवटच्या थांब्याचं तिकीट मागितलं. तो खाली उभा राहून काहीतरी म्हणत होता, बहुधा रविवारी येत जा असं. काच वर होती. तिने ती खाली केली नाही.